दामदुप्पट झाले, पण घरात आलं काय? आपल्या घराची महागाई मोजायची सविस्तर कृती

डिसेंबर २०१४ मध्ये आईने पोस्टात एक लाखाचं किसान विकास पत्र घेतलं. मधली तीन वर्षं बंद पडलेली ती योजना तेव्हा नुकतीच परत सुरू झाली होती आणि १०० महिन्यांत दुप्पट असा दर होता. एप्रिल २०२३ ला ते पिकलं, दोन लाख खात्यात आले, आई खूश, पाव किलो पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "बघ, काही न करता लाख सुटले." मी सहज विचारलं की गं आई, तू ते पत्र घेतलंस तेव्हा हे पेढे काय भावाने होते? तिला आठवेना, म्हणून ती उठली आणि माळ्यावरून हिशोबाच्या वह्या काढून आणल्या. तिथून जे सुरू झालं ते रात्री अकरापर्यंत चाललं, आणि जेवायला त्या दिवशी खिचडी टाकली.

त्या रात्री आम्ही जे केलं तेच इथे नीट पायऱ्यापायऱ्यांनी लिहितेय. यात शेअर कुठला घ्यावा वगैरे काही नाहीये. फोनमधला कॅल्क्युलेटर, एक कागद आणि साधारण दोन तास लागतील.

सुरू करण्याआधी एक गोष्ट डोक्यातून काढा

महागाईचा दर खाली आला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नसतं. हे सांगितलं की सगळे "हो माहितीये" म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात चुकतात. ताजं उदाहरण बघा, ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाचा किरकोळ महागाई दर ६.२१ टक्के होता आणि बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, तो ०.२५ टक्के झाला, पेपरात मोठ्या बातम्या आल्या, आणि लोक विचारत होते की मग माझं बिल का कमी होत नाहीये. कारण आदल्या वर्षीचे सव्वासहा टक्के कुणी परत घेतलेले नाहीत, ते भावात तसेच बसलेत, फक्त त्याच्यावर नवीन फार काही चढलं नाही. सहा जिने चढून गेलेला माणूस सातव्यावर चढायचा थांबला म्हणजे तो खाली उतरला असं नाही ना.

दुसरं म्हणजे कांदा. कांदा ऐंशी झाला की सगळीकडे महागाई महागाई सुरू होतं, पण कांद्याचा भाव चढतो तसा आपटतोही, आणि आपटला की लासलगावच्या बाजारात शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. एका वस्तूची वरखाली ही वेगळी गोष्ट. आपल्याला मोजायचंय ते असं की सगळ्या खर्चाची मोट बांधली तर तीच मोट दहा वर्षांनी उचलायला किती रुपये जास्त लागतात.

पायरी १: जुने आकडे गोळा करा

ज्यांच्या घरी आईची किंवा आजीची वही आहे त्यांची चांदी आहे. आमच्याकडे वह्या होत्याच, शिवाय जुनी कालनिर्णयंही होती, त्यावर दुधाचे खाडे आणि मागच्या बाजूला गॅस कधी लागला ते लिहिलेलं. तुमच्याकडे वही नसेल तर घाबरू नका, बराच माल इतरत्र सापडतो: शाळेच्या फीच्या पावत्या, बँकेचं जुनं पासबुक, लाइटबिलांची फाईल, औषधांची बिलं, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, ईमेलमध्ये पडलेली मोबाईलची बिलं. दहा वर्षांपूर्वीचा कुठलाही एक साधा महिना पकडा. साधा म्हणजे दिवाळी नको, मे महिना नको, घरात लग्न असलेला तर नकोच नको.

काहीच सापडलं नाही तर निदान ज्यांचे दर जाहीर असतात अशा चार गोष्टी घ्या. मुंबई महानगरातलं रिक्षाचं मिनिमम भाडं याला मस्त आहे: ऑक्टोबर २०१२ मध्ये १५ रुपये झालं, मग १७, १८, २१, २३ आणि फेब्रुवारी २०२५ पासून २६. अंतर तेच, दीड किलोमीटर. बेस्टची बस मात्र या कामाला घेऊ नका, तिचं मिनिमम भाडं २०१९ मध्ये ८ वरून ५ केलं आणि मे २०२५ मध्ये एकदम ५ वरून १०, म्हणजे तुम्ही कुठलं वर्ष धरता त्यावर उत्तर पूर्ण बदलतं. सरकारने मध्येच दाबलेला किंवा सोडलेला दर असला की हिशोब असा फसतो.

पायरी २: तीच वस्तू, तेवढीच

बहुतेक लोक इथेच गडबडतात आणि मीही गडबडले होते. खर्च वाढणं वेगळं आणि महागाई वेगळी. २०१५ मध्ये आम्ही महिन्यातून एकदा बाहेर जेवायचो, आता चारदा जेवतो, तर ती वाढ महागाईच्या नावावर टाकायची नाही, ती आपल्या जिभेच्या नावावर टाकायची. शाळेचंही तसंच. पोरगं तेव्हा पहिलीत होतं, आता अकरावीत आहे, तर पहिलीची फी आणि अकरावीची फी शेजारी ठेवून काही कळणार नाही. त्याच शाळेत आज पहिलीची फी किती आहे ते शेजाऱ्यांना विचारायचं. औषधाचं तर आणखी अवघड, कारण वयाबरोबर गोळ्याच वाढतात, म्हणून जी गोळी तेव्हाही होती आणि आताही आहे तिचाच भाव घ्या आणि त्या प्रमाणात ताणा.

आणि वजन बघा. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच दिसतो, पण आतली बिस्किटं कमी होत जातात, साबणाची वडी बारीक होते, फरसाणाच्या पाकिटात हवा वाढते. ही महागाईच आहे, फक्त मागच्या दाराने येते. आता पाकिटावर दर ग्रॅमची किंमतही छापलेली असते, तीच लिहून घ्यायची सवय लावा.

उलट बाजूचंही उदाहरण देते म्हणजे अन्याय नको. काड्यापेटी २००७ पासून एक रुपयाला होती आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपये झाली, तेव्हा आतल्या काड्याही वाढवल्या होत्या. म्हणजे पेटीचा भाव दुप्पट झाला, काडीचा दुप्पट नाही झाला.

पायरी ३: बेरीज, भागाकार आणि एक बटण

आमच्या कागदावरचे आकडे असे आले, महिन्याचे, डावीकडे २०१५ आणि उजवीकडे २०२५ (कागद नंतर अपडेट केलाय). किराणा, भाजी आणि दूध मिळून ७,५०० चे १२,८००. गॅस आणि लाइट १,४०० चे २,३००. शाळा २,५०० ची ६,८००. डॉक्टर-औषधं १,२०० ची ३,१००. प्रवास १,८०० चा २,९००. मोबाईल आणि नेट ९०० चं ८५०, हे एकच खातं खाली आलं. बाकी कामवाल्या ताई, सोसायटी, कपडे वगैरे ३,२०० चे ५,७५०. बेरीज तेव्हा १८,५०० आणि आता ३४,५००.

आता ३४,५०० भागिले १८,५०० करा, १.८६५ येतं, म्हणजे तीच मोट १.८६५ पट झाली. वर्षाचा दर काढायला ८६.५ भागिले १० असं करू नका, महागाई चक्रवाढीने चढते. फोन आडवा धरला की कॅल्क्युलेटरमध्ये जास्तीची बटणं येतात, त्यात एक्सच्या डोक्यावर वाय लिहिलेलं घाताचं बटण असतं. १.८६५ टाका, ते बटण दाबा, मग ०.१ टाका (१ भागिले १० वर्षं). उत्तर १.०६४. म्हणजे आमच्या घराची महागाई वर्षाला ६.४ टक्के. रिक्षाचं याच पद्धतीने करून बघा, २६ भागिले १५, वर्षं १२ आणि ४ महिने, साधारण साडेचार टक्के येतं.

सरकारी आकडा याच दहा वर्षांत सरासरी पाचच्या आतबाहेर होता. मग कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. सरकार पूर्ण देशाची एक काल्पनिक टोपली घेतं, २०१२ हे पायावर्ष असलेल्या मालिकेत त्या टोपलीत खाण्यापिण्याचं वजन ४५.८६ टक्के होतं. आमच्या घरात शाळा आणि डॉक्टर यांचं वजन त्या टोपलीपेक्षा जास्त आहे आणि तीच दोन खाती सर्वात जोरात पळाली. ज्या घरात फक्त दोन म्हातारी माणसं आहेत तिथे शाळा शून्य आणि औषधं वीस-पंचवीस टक्के, त्यांचा आकडा आणखी तिसराच येणार. रिझर्व्ह बँक शहरांमधल्या घरांना दर दोन महिन्यांनी विचारते की तुम्हाला महागाई किती वाटते, आणि लोक नेहमी सरकारी दरापेक्षा वरचाच आकडा सांगतात. त्यातलं थोडं रडगाणं असतं हे मान्य, पण सगळं नाही. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या त्या काही निर्देशांक वाचून उतरल्या नव्हत्या, डबे रिकामे दिसत होते म्हणून उतरल्या.

ज्यांना वही-बिही काही करायचंच नाहीये त्यांच्यासाठी एक तयार माप आहे, प्राप्तिकर खात्याचा खर्च महागाई निर्देशांक. २००१-०२ ला तो १०० धरलाय, २०१४-१५ ला २४०, २०२५-२६ ला ३७६. जुनी रक्कम आजच्या भाषेत आणायची तर तिला आजच्या आकड्याने गुणायचं आणि जुन्याने भागायचं, बस. फक्त लक्षात ठेवा की या निर्देशांकात ग्राहक किमतीतली सरासरी वाढ पूर्ण धरत नाहीत, तिच्या ७५ टक्केच धरतात. म्हणजे तो हात आखडूनच मोजतो, आणि तरीही २४ वर्षांत पावणेचार पट.

पायरी ४: ७२ ला भागा

हे तोंडी करायचं. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की पैशाची किंमत अर्धी व्हायला लागणारी वर्षं मिळतात. आमचे ६.४ टक्के, तोंडी हिशोबाला ६ धरू, ७२ भागिले ६ म्हणजे १२ वर्षं. आज महिना ३०,००० फिक्स पेन्शन घेऊन साठीत बसलेला माणूस बहात्तराव्या वर्षी आजच्या १५,००० वर जगत असेल आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ७,५०० वर, आणि पासबुकात प्रत्येक महिन्याला तीस हजारच दिसत राहणार. चोरी झालीये हे कळायलाही मार्ग नाही.

रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून कायद्याने जे लक्ष्य दिलंय ते ४ टक्के, दोन टक्के वर किंवा खाली चालतील असं. म्हणजे सगळं अगदी ठरल्याप्रमाणे, चार टक्क्यांवर चाललं तरी १८ वर्षांत रुपया अर्धा. हे कुणाचं अपयश नाही, योजनाच तशी आहे, थोडी महागाई असलेली बरी असंच जगभरच्या मध्यवर्ती बँका धरून चालतात.

पायरी ५: रुपयांत गोठलेले आकडे शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. महागाई सगळ्यांना सारखी खात नाही. ज्या गोष्टी वस्तूच्या रूपात आहेत, घर, जमीन, तुमचं कसब, त्यांचा भाव चढत राहतो. खाल्ला जातो तो रुपयांमध्ये आधीच ठरवून टाकलेला आकडा. तेव्हा एक कागद घ्या आणि तुमच्या आयुष्यातले असे सगळे आकडे लिहून काढा.

गोठलेला आकडा किती गोंधळ घालतो ते बघायचं तर गिरगाव-लालबागच्या पागडीच्या चाळी बघा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या खोल्यांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्याला बांधून ठेवलं. हेतू चांगला होता, युद्धानंतर शहरात माणसं लोटली होती आणि मालक वाटेल ते भाडं मागत होते. पण आकडा तिथेच राहिला आणि चुना, सिमेंट, लोखंड, गवंडी सगळे पुढे गेले. भाड्याच्या पैशातून डागडुजी सोडा, रंगही लागेना, मग मालकाने हात वर केले, इमारती खचायला लागल्या, आणि शेवटी उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढायची वेळ सरकारवर आली. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की इतकी वर्षं भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, आणि मार्च २००० पासून लागू झालेल्या नवीन कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ घालता येईल अशी तरतूद आली. भाडेकरूची बाजू की मालकाची यावर आमच्याच घरात दोन गट आहेत, त्यात मी पडत नाही. मला फक्त एवढंच दाखवायचंय की कागदावरचा एक आकडा हलला नाही तर साठ वर्षांत भिंती पडतात.

तुमच्या यादीत साधारण काय काय येईल ते सांगते. खासगी नोकरीतल्या निवृत्तांची ईपीएस-९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ ला १,००० रुपये ठरली आणि २०२५ मध्येही तीच. वरच्या निर्देशांकाने बघितलं तर त्या हजाराचे ६३८ उरलेत. सरकारी कर्मचाऱ्याचं असं होत नाही कारण त्याचा महागाई भत्ता कामगारांच्या ग्राहक निर्देशांकाला बांधलेला आहे आणि जानेवारी-जुलै असा वर्षातून दोनदा सरकतो. एकाच चाळीत शेजारी राहणाऱ्या दोन पेन्शनरांमध्ये दरी पडते ती या एका दोरीमुळे.

विम्याची रक्कम लिहा. वीस वर्षांपूर्वी घेतलेलं पाच लाखांचं कवच तेव्हा भरभक्कम वाटलं होतं, आज त्यात घरच्यांचं एक वर्ष निघेल का बघा. मेडिक्लेमचंही तेच, तीन लाखांची पॉलिसी दरवर्षी इमानदारीत रिन्यू करत राहतात आणि ती दरवर्षी बारीक होत राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर तीही बिस्किटं कमी झालेला पुडाच आहे.

सरकारने ठरवलेल्या मर्यादाही लिहा, त्यांच्यावर आपला हात चालत नाही पण परिणाम होतो. टॅक्स वाचवायच्या ऐंशी-सी कलमाची दीड लाखाची मर्यादा २०१४ पासून हललेली नाही, तिची किंमत आज २०१४ च्या ९५-९६ हजारांएवढी आहे. ओबीसी आरक्षणासाठी लागणाऱ्या नॉन क्रीमी लेयरची ८ लाखांची उत्पन्न मर्यादा २०१७ ची आहे, म्हणजे तेव्हा ज्यांचं उत्पन्न पावणेसहा लाखांच्या आसपास होतं आणि नंतर फक्त महागाईएवढंच वाढलं, ते २०२५ पर्यंत मर्यादेला येऊन टेकले. ना ते श्रीमंत झाले ना कुणी नियम बदलला. आणि सहकारी बँकांमध्ये पैसे ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असायला हवं की ठेवींचा विमा १९९३ पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत, तब्बल २७ वर्षं, एक लाखावरच होता. पाच लाख झाला तोवर त्या लाखाची किंमत पाव भागाच्याही खाली गेली होती.

शेवटी घरगुती उसनवारी. मामेभावाला २०१२ ला दिलेले पन्नास हजार त्याने २०२४ ला इमानदारीत पन्नास हजारच परत केले, वर "व्याज घेऊ नकोस गं ताई, आपल्यात कसलं" असंही म्हणाला. मी काही बोलले नाही. पण निम्मेच आलेत हे आता मला माहितीये.

पायरी ६: व्याजातून महागाई वजा करा

एफडी ७ टक्के, महागाई ६ टक्के, म्हणजे एक टक्का सुटला असं वाटतं. आधी टॅक्स कापा. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून ३१.२ टक्के जातात, सातातले ४.८२ उरतात. आता १.०४८२ ला १.०६ ने भागा, ०.९८९ येतं. एकच्या खाली आलं म्हणजे तोटा, दरवर्षी एक टक्क्याच्या जरा वर. पाच लाख पाच वर्षं ठेवले तर टॅक्स जाऊन ६,३२,६०० हातात येतील, बघून बरं वाटेल, पण आजच्या भाषेत ते ४,७२,७०० आहेत. सत्तावीस हजार गेले आणि वर आपण टॅक्सही भरला, तो सुद्धा अशा नफ्यावर जो झालाच नाही. ज्यांना टॅक्सच लागत नाही त्यांना जेमतेम एक टक्का सुटतो. सेव्हिंग खात्याचं तर बोलूच नका, मोठ्या बँकांत २०२५ मध्ये अडीच टक्क्यांवर आलंय.

आईच्या किसान विकास पत्राचं काय झालं ते सांगायचं राहिलं. १०० महिने म्हणजे ८ वर्षं ४ महिने, आमच्या ६.४ टक्क्यांनी तेवढ्या काळात घरखर्च १.६७७ पट झाला. दोन लाख भागिले १.६७७ म्हणजे १,१९,०००. आईचा एक लाखाचा फायदा खरा एकोणीस हजारांचा. तिला टॅक्स बसत नाही म्हणून तेवढा तरी. वीस टक्क्यांच्या स्लॅबमधला माणूस असता तर सात हजारांवर आला असता. आईने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे पेढे पाव किलो आणले ते बरोबरच होतं, अर्धा नाही आणला."

पण तिला वाईट वाटू नये म्हणून मी हेही सांगितलं, आणि ते खरंच आहे, की तोच लाख तिने कपाटात ठेवला असता तर साठ हजारांचा झाला असता. एकोणीस हजार वर म्हणजे त्यामानाने बरंच.

आता निवृत्त लोकांसाठी एक खास. सीनियर सिटिझन स्कीममध्ये २०२५ ला ८.२ टक्के व्याज आहे, ३० लाख ठेवले तर वर्षाला २,४६,०००, महिन्याचे साडेवीस हजार पडतात. बहुतेक घरात हे सगळं खर्च होतं कारण "मुद्दलाला हात लावला नाही" असं समाधान असतं. पण महागाई ६ टक्के असेल तर मुद्दलाची ताकद टिकवायलाच १,८०,००० परत आत टाकावे लागतील, मग खरं खर्चायला उरतात वर्षाला ६६,०००, महिन्याला साडेपाच हजार. बाकीचे पंधरा हजार आपण मुद्दलातलेच खातोय. खाऊ नयेत असं मी म्हणत नाहीये, त्यासाठीच तर साठवलेत ना, पण व्याज खातोय आणि मुद्दल शाबूत आहे हा समज सोडा आणि वय बघून ठरवा.

पायरी ७: पुढचे आकडे आजच फुगवून ठेवा

आज महिन्याला ४०,००० लागतात आणि निवृत्तीला २५ वर्षं आहेत, तर ६ टक्क्यांनी तेव्हा तेवढ्याच राहणीला १,७१,००० च्या वर लागतील. मुलीचं जे शिक्षण आज १० लाखांत होतं ते १५ वर्षांनी, फीची वाढ ८ टक्के धरली तर, जवळपास ३२ लाखांत होईल. करायचं कसं: १.०६ किंवा १.०८ टाका, तेच घाताचं बटण, वर्षं टाका, आणि आजच्या खर्चाने गुणा. प्रत्येक ध्येयाला वेगळा दर लावा, शाळेला घरखर्चाचा दर लावलात तर कमी पडाल.

एजंटने "पंचवीस वर्षांनी एक कोटी" असं सांगितलं की लगेच उलटा भागाकार करा, ६ टक्क्यांनी ते आजचे तेवीस लाख असतात. मी हे एकदा समोरच करून दाखवलं तर साहेबांनी चहा अर्धा टाकून दिला.

पायरी ८: मग पैसे ठेवायचे कुठे

इथे मी थोडक्यात सांगणार कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. दोन-तीन वर्षांत लागणारे पैसे एफडीतच ठेवा, एवढ्या काळात महागाई जे खाते ते बँकेत पैसे सुरक्षित ठेवल्याचं भाडं समजा. दहा-पंधरा वर्षांनी लागणारे सगळेच्या सगळे एफडीत ठेवले तर वरची सहावी पायरी परत वाचा. शेअर्स आणि इंडेक्स फंड लांब पल्ल्यात महागाईला मागे टाकतात हे खरं, पण ते सरळ रेषेत नाही: सेन्सेक्स जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांना टेकला होता आणि २०१३ च्या शेवटीही २१ हजारांच्याच घरात होता, त्या सहा वर्षांत महागाई मात्र चालूच होती. सोन्याचंही तेच, २०१२ च्या शेवटी दहा ग्रॅमला एकतीस हजारांच्या आसपास आणि २०१८ मध्येही जवळपास तिथेच, आणि नंतर जे उसळलं ते सगळ्यांनी पाहिलंच. जे फक्त शेवटचा भाग सांगतात त्यांचं ऐकताना मधली सहा वर्षं आठवा.

सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये एक छान गोष्ट काढली होती, महागाई दर अधिक दीड टक्का देणारे बचत रोखे, दहा वर्षांचे. लोकांनी पाठ फिरवली. तेव्हा बँका ९ टक्के देत होत्या आणि आकडा डोळ्यांना दिसतो, महागाई दिसत नाही.

आणि गृहकर्ज असेल तर या सगळ्यात तुम्ही पलीकडच्या बाजूला आहात हे विसरू नका. हप्ता रुपयांत ठरलाय, पगार (नशीब असेल तर) महागाईबरोबर चढतोय, म्हणजे ३०,००० चा हप्ता बारा वर्षांनी आजच्या १५,००० एवढाच टोचतो. म्हणून पगारवाढ आली की लगेच सगळं कर्ज फेडायला धावू नका, आधी व्याजदर आणि आपला ६.४ शेजारी ठेवा. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोनला मात्र हे लागू नाही, तिथलं व्याज महागाईच्या कितीतरी वर असतं, ते आधी फेडा.

हा कागद दरवर्षी एकदाच करायचा, आम्ही जून ठरवलाय कारण फी भरून झालेली असते आणि सणवार सुरू व्हायचे असतात. नवीन बेरीज लिहायची, दर काढायचा, पाचव्या पायरीची यादी वरून खाली वाचायची आणि जे आकडे आपल्या हातात आहेत, मेडिक्लेमची रक्कम, टर्म इन्शुरन्स, एसआयपीचा हप्ता, कामवाल्या ताईंचा पगार, ते निदान त्या दराने वर सरकवायचे. ताईंचा पगार मी मुद्दाम लिहिलाय. आमच्याकडे तो मध्ये तीन वर्षं हलला नव्हता आणि वहीत ते स्पष्ट दिसत होतं, आईच्याच अक्षरात.